थंडीची सुई

माझ्या नाकावर राग असतो, असं माहेरी आणि सासरी दोन्हीकडे म्हणतात. खरं आहे ते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, वर्गातल्या पोरांशी मी दिवसाकाठी एकदा तरी भांडते आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जाते. पण मागच्या हिवाळ्यात जो राग आला तो अजून जागचा हललेला नाही.

माझे अब्बा पिंजारी. इंदापुरात, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाद्या-रजयांचं दुकान आणि दुकानाच्या मागे घर. तरुणपणी ते कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून कळंबपर्यंतची गावं पायी फिरले. पुढे मशीन आलं आणि फिरणं बंद झालं. मशीन लावलं की खोलीत कापसाचा नुसता धुरळा. अब्बांच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरं होऊन जायचं. नाकातोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणायचे, "मी काय दरोडा घालाया चाललोय व्हय?" उभा जन्म तो कापूस त्यांच्या छातीत गेला. बोलताना ते मध्येच थांबत, श्वास घेत आणि तेच वाक्य पुढे चालवत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाप असे हप्त्याहप्त्याने बोलतात.

त्यात साखर. त्यात वय. आणि धंदा असा, की दिवाळी झाली की लोकांना रजई आठवते. म्हणजे ज्या महिन्यांत त्यांनी छाती जपायची, नेमक्या त्याच महिन्यांत मशीन सकाळपासून सुरू.

मागच्या हिवाळ्याच्याही आदल्या हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला आणि तो सरळ छातीत उतरला. मी लग्न झाल्यापासून बारामतीत राहते, तिथेच शाळेत शिकवते, म्हणून त्यांना बारामतीतच छातीच्या डॉक्टरांकडे ठेवलं. ऑक्सिजन लावावा लागला. नाकाला नळी लावलेला माझा बाप मला खुणेने विचारत होता की जेवलीस का. त्या खेपेला निभावलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला, माझ्या थोरल्या भावाला आणि अब्बांना समोर बसवून सांगितलं, की यांची छाती अशी, साखर अशी, पुन्हा फ्लू झाला तर यांना तो झेपणार नाही. दर वर्षी थंडी पडायच्या आधी फ्लूची लस द्यायची. अंगात मुरायला तिला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आधी. लस घेतली की फ्लू होतच नाही असं नाही, पण झाला तर माणूस तरून जाण्याची शक्यता वाढते. इतकं सोपं, इतकं सरळ.

लस म्हटल्याबरोबर अब्बांचा चेहरा पडला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "लस पोरास्नी देत्यात. न्हायतर जनावरांस्नी. मला कशापायी?" कोरोनातली लस घेतल्यावर त्यांना ताप आला होता, तोही त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. मी समजावायला लागले. माझं समजावणं म्हणजे तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो. तेव्हा भाईने, म्हणजे माझ्या भावाने, मध्येच तोडगा काढला. "लस न्हाय ओ अब्बा. थंडीची सुई समजा. थंडी पडायच्या आधी घ्यायची, बास."

अब्बा लगेच म्हणाले, "मंग तसं सांगा की. सुई घिऊ."

भाईचं मला तेव्हा कौतुक वाटलं. लस नको, सुई चालेल! आमच्याकडे दवाखान्यात जाऊन सुई न घेता आलेला माणूस आजारीच नव्हता असं धरतात. गोळ्या काय कोणीही देतं. सुई दिली तर तो डॉक्टर.

पाऊस संपला तसा मी फोन करायला लागले. भाई म्हणायचा, नेतो. मग म्हणायचा, या आठवड्यात नेतो. मग एक दिवस अब्बा स्वतःच फोनवर आले आणि खुशीत म्हणाले, "घेतली गं थंडीची सुई. भाई घिऊन गेलता." मागून भाईचा आवाज आला, "झालं, तुझं समाधान झालं?" झालं होतं. त्या दिवशी मी वर्गात एकाही पोरावर ओरडले नाही.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी इंदापूरला गेले. अब्बा मशीनवर. फडकं नाही, काही नाही. पण चेहऱ्यावर तरतरी होती, मान्य करायला हवं. चहा पिताना मी सहज विचारलं, "सुईनंतर दंड दुखला का हो?"

"दंड कशाला दुखंल? सुई कमरंत घेतली."

मला वाटलं त्यांचा गोंधळ झाला. ही लस दंडात देतात, एवढं मला ठाऊक होतं. मी पुन्हा विचारलं. तर अब्बा पोराला समजवावं तसं म्हणाले, "दंडातली सुई म्हंजी काय सुई असती व्हय? कमरंत दिली. घेतली त्याच दिशी अंग मोकळं झालं. श्वासबी मोकळा."

त्याच दिवशी श्वास मोकळा! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. लसीने कोणाचा श्वास दुपारपर्यंत मोकळा होत नाही. मी भाईला हाक मारली. तो दुकानात एका गिऱ्हाइकाला रजईचं कापड दाखवत होता. गिऱ्हाईक जाऊ दे म्हणाला. मी म्हटलं, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. गिऱ्हाईक बिचारं आपणहून गेलं.

घडलं होतं ते असं. बारामतीला जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि दुकानात माणूस नाही. म्हणून भाई अब्बांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "अब्बांना थंडीची सुई द्या." आता आमच्या गल्लीत थंडीची सुई हा शब्द काही भाईने जन्माला घातलेला नाही. थंडी वाजून ताप आला की तिथे जाऊन जी घेतात, तीच थंडीची सुई. अंग ठणकतंय, हुडहुडी भरलीय, कमरेत एक टोचली की माणूस संध्याकाळी कामावर. भाईला हे माहीत नव्हतं? तो स्वतः दर हिवाळ्यात तीच घेतो! बारामतीच्या डॉक्टरांनी लसीचं नाव लिहून दिलेली फाइल कपाटावर पडून होती. ती उचलून न्यायचेसुद्धा कष्ट त्याने घेतले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं थंडीच्या आधीची, हा म्हणाला थंडीची, आणि तिकडे मिळाली हुडहुडीची.

मी चप्पल घातली आणि थेट त्या दवाखान्यात गेले. बाकावर आमच्याच गल्लीतली म्हातारी माणसं रांगेने बसलेली. सगळी सुईवाली. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या वडिलांना काय टोचलंत? ते पुढच्या माणसाला तपासता तपासता म्हणाले, "ताई, त्यांनी थंडीची मागितली, मी थंडीची दिली. त्यांना बरं वाटलं की नाही?"

"त्यांच्या छातीचा आजार तुम्हाला माहीत आहे. साखर माहीत आहे. फ्लूची लस आणि ही सुई यातला फरक तुम्हालाही माहीत आहे."

"मग लस म्हणायचं ना."

बस्स, एवढंच. लस म्हणायचं ना. एवढं शिकलेला माणूस, समोर धापा टाकणारा म्हातारा, आणि थंडीची म्हणजे कुठली हा एक प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला नाही. मी आवाज चढवला. मला वाटलं होतं, बाकावरची माणसं माझ्या बाजूने उठतील. कसली उठतात! आमच्या शेजारची चाची, जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले, ती माझ्यावरच उखडली. "एवढं काय वराडतीस? आमाला गुण येतो ह्यांच्या हाताचा. तू बारामतीला असतीस. रातीअपरात्री हितं हेच येत्यात दाराशी." हे खरंही होतं, आणि त्यानेच मी जास्त भडकले. जो माणूस हाकेला धावतो तोच चुकीची सुई टोचतो, आणि जो बरोबर सांगतो तो दिवस मोडून गाठावा लागतो, तर माणसाने भांडायचं कोणाशी?

मी लस शोधायला निघाले. सरकारी दवाखान्यात सांगितलं, तुमच्या वडिलांसाठी ती लस आमच्याकडे नाही, बाहेरून घ्या. पहिल्या मेडिकलवाल्याने कुत्रा चावलाय का म्हणून विचारलं. दुसरा म्हणाला, कोणी मागत नाही म्हणून ठेवत नाही. मी म्हटलं, तुम्ही ठेवत नाही म्हणून कोणाला माहीत नाही. तो हसला. तिसरा बरा निघाला. म्हणाला, पुण्याहून मागवतो, बर्फात येईल, आली की फोन करतो. सुट्टी आहे तेवढी इथेच राहायचं असं मी ठरवलं. लस आली की अब्बांना स्वतः घेऊन जायचं, आणि दंडात टोचलेली डोळ्यांनी पाहायची.

घरी अब्बा माझ्यावर रुसले होते. गल्लीत तमाशा केला म्हणून. "एक सुई झालीया. दुसरी कशापायी? माझी कंबर काय चाळण हाय?" अम्मी, म्हणजे आमची आई, तिलाही साखरच, कोणाची बाजू घ्यावी ते न कळून भाकरी थापत बसली. मी अब्बांना म्हटलं, माझ्यासाठी घ्या. शेवटी म्हणाले, "बरं. आण. पर त्या डागदरला आता काय बोलू नगंस. आपल्यालाच ऱ्हायाचं हाय हितं."

लस यायची होती त्याच्या आदल्या दिवशी अब्बांना ताप भरला.

दुकानात थंडी-तापाची माणसं येतच होती. रजई कोण घेतं? ज्याला थंडी वाजते तो. कोणाकडून आलं, काय आलं, ते शोधून उपयोग नव्हता. मेडिकलवाल्याचा फोन आला, तेव्हा मी अब्बांना गाडीत घालून बारामतीच्या रस्त्यावर होते. भाई गाडी चालवत होता. मी मेडिकलवाल्याला म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, येते मी. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आता लसीचा विषय नाही, आता या फ्लूशी लढू. मग त्यांनी विचारलं, यंदा लस दिली होती ना?

भाई खाली बघत म्हणाला, "व्हय."

मग मी म्हटलं, "नाही. दिली नव्हती." डॉक्टर एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून आत गेले.

या खेपेला निभावलं नाही. शेवटी अब्बांचं एक वाक्य तीन हप्त्यांचं झालं, मग चार हप्त्यांचं, आणि एका पहाटे ते अर्ध्यातच राहिलं. लस घेतली असती तर अब्बा वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण ती एक संधी त्यांची होती, नावानिशी सांगून दिलेली, आणि ती कोणी हिसकावलीसुद्धा नाही. नुसती हातातून सांडली. हिसकावली असती तर चोराला धरता तरी आलं असतं.

मय्यतीला माणसं खूप आली. अब्बांनी ज्यांच्या लग्नाच्या गाद्या भरल्या, त्यांची नातवंडंसुद्धा आली. आणि भाई प्रत्येकाला सांगत होता, "आमी काय करायचं ठिवलं न्हाय. बारामतीला नेलं. लसबी दिली हुती. अल्लाची मर्जी." मी बायकांत बसून ते ऐकत होते. दुपारपर्यंत ते वाक्य फिरून आमच्याकडे आलं, आणि येता येता बदललं. चाची बाजूच्या बाईला म्हणाली, "लस घिऊनबी गेलं बघ. दोन सुया घेतल्या म्हनं. एवढ्या सुया सोसंना झाल्या आसतील म्हाताऱ्या जिवाला." तिसरीने लगेच कोरोनातलं कोणाचं तरी काढलं. बघता बघता माझ्या बापाला लसीने मारलं, असं ठरूनही गेलं. जी त्यांना मिळालीच नाही, तिने!

तेव्हाच ओरडून सांगावं असं वाटलं. पण बाहेर भाई डोक्याला रुमाल बांधून उभा होता, डोळे सुजलेले, आणि तोही बापाचाच मुलगा होता. मी ओठ चावून गप्प बसले. आयुष्यात जेव्हा म्हणून मी राग गिळलाय, तेव्हा त्यातून भलं काही झालेलं नाही.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर मी अम्मीला म्हटलं, तुझी लस आता घ्यायची. तिचीही साखर, तिचंही वय, आणि शेवटपर्यंत ती त्यांच्याच उशाशी होती. अम्मी इद्दतीत होती. नवरा गेल्यावर ठरलेली मुदत बाईने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून गल्लीतल्या बायका दारावर पहाऱ्याला बसल्यासारख्या येऊन-जाऊन. मी मशिदीत विचारायला धाडलं, तर मौलानांनी सांगितलं की दवाखान्याला मुभा आहे, त्यात काही अडचण नाही. बायकांचा कायदा मात्र मौलानांपेक्षा कडक. म्हणून मी मेडिकलमधून अब्बांसाठी आलेली तीच लस बर्फात ठेवून आणली, डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं, आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंना घरी बोलावलं.

अम्मी भिंतीकडे तोंड करून बसली. "नगं. तुझ्या बापाला त्या सुईनंच न्हेलं."

खोलीत चाची होती, अजून दोघीतिघी होत्या. उंबऱ्याशी भाई उभा होता. आणि आता माझ्याच्याने राहवेना.

"अम्मी, त्यांना ती मिळालीच नाही," मी म्हटलं. "कमरेत दिली ती हुडहुडीची होती, गल्लीतल्या दवाखान्यातली. ही ती नव्हे. ही आली तोवर त्यांना ताप भरला होता. दोन नाही, एकपण लस त्यांच्या अंगात गेली नाही. हवं तर याला विचार."

सगळ्यांची तोंडं भाईकडे वळली. मला वाटलं, आता हा कानावर हात ठेवणार, किंवा माझ्या अंगावर येणार. दोन्हीला मी तयार होते. भाईने चौकटीला पाठ टेकली आणि खाली बसला. म्हणाला, "खरं हाय. थंडीची सुई द्या म्हनलो मी. लस हा शब्द अब्बांना आवडत नव्हता."

चाची पदर सारखा करत उठली आणि निघून गेली. त्या ऐकण्याचा पुढे काही उपयोग झाला का ते मला माहीत नाही. तो दवाखाना आहे तिथेच आहे, आणि बाक भरलेला आहे.

अम्मीने भाईकडे बघितलं. मग तिने स्वतःच बाही वर सरकवली. नर्सबाईंनी दंड पुसला, सुई टोचली आणि काढली. आम्ही सगळे बघत होतो आणि ते कधीच होऊन गेलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, झालं.

अम्मीने दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झालं? एवढंच हुतं व्हय गं?" ती म्हणाली. "एवढंच?"

मी नर्सबाईंना चहा टाकायला आत गेले आणि चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.